एकशे ऐंशीव्या पानावर थांबा

वारांगरच्या फियोर्डलगत, रस्ता आता संपणार असं वाटतं
तिथे दर दुसऱ्या मंगळवारी मी बस उभी करतो.
आत तीन हजार पुस्तकं, एक कुरकुरणारा हीटर
आणि थर्मास, ज्यातली कॉफी माझी एकट्याची आहे
हे गावात कुणालाच मान्य नाही.
नोव्हेंबरात दुपारी दोनलाच मिट्ट काळोख.
मासे वाळवायच्या मांडवांवरून वारा येतो तेव्हा
बसचं दार उघडायला दोन हात लागतात.

परत आलेली पुस्तकं झटकणं हे माझं काम.
वाळू निघते, खवले निघतात,
एकदा चीजची आख्खी चकती निघाली, खूण म्हणून घातलेली.
आणि गेल्या हिवाळ्यापासून, शेवटच्या कोऱ्या पानावर
पेन्सिलीतलं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर:

"कुत्रा मरतो. पान एकशे ब्याऐंशी.
नऊ वर्षांखालच्यांनी एकशे ऐंशीवर थांबावं.
तिथे तो अजून धावतोय."

पुस्तकात लिहिलं की दंड, असा नियम आहे.
माझ्या खिशात खोडरबर असतं.

"आई पहिल्याच पानावर मेलेली.
मुलांना घराबाहेर काढायची दुसरी युक्ती
या लोकांना सुचत नाही का?
माझी आई पहाटे पाचला खेकड्यांच्या कारखान्यात जाते.
मी दिवसभर मोकळी.
कुणाला मारावं लागलं नाही."

"यातले आजोबा समुद्राकडे बघत शहाणपणाचं बोलतात.
आमचे समुद्राकडे बघतात, गप्प बसतात,
आणि मग शिवी देतात. तीच जास्त बरोबर असते."

"शेवटच्या प्रकरणात धडा आहे.
दात उपटल्यावर डॉक्टर स्टिकर देतो, तसा."

"मुलगी पंधराची, बोलते चाळिशीतल्या बाईसारखी,
जिला तेव्हा द्यायचं उत्तर आत्ता सुचलंय.
पण तिसरं प्रकरण खरं आहे. दोनदा वाचलं."

कोण असेल?
कारखान्यात काम करणाऱ्या लिथुएनियन बाईची रिमांते,
जी कधी मान वर करत नाही?
की उंच इल्वा, जी पुस्तकं वजनावर घेतल्यासारखी नेते?
विचारलं नाही मी.
पोरांना विचारलं की ती मोठ्यांना हवं ते सांगतात,
हे एकतीस वर्षं बस चालवून कळलेलं एवढंच.

वयाच्या चिकट्या मीच लावतो, कणावर, पिवळ्या.
एका चिकटीखाली बाण काढून लिहिलं होतं:
"बारा वर्षांपुढे, हे कुणी ठरवलं?
मला हे अकराव्या वर्षी हवं होतं.
बाराव्याला उशीर झाला होता."

त्या दिवशी पुढच्या गावाला मी चाळीस मिनिटं उशिरा पोचलो.
बर्फ होता, असं सांगितलं.

एका पुस्तकात काहीच नव्हतं.
बाप बोटीवरून परत येत नाही, त्याची गोष्ट; पातळसं पुस्तक,
शहरातल्या समितीला "मुलांसाठी जड" वाटलेलं.
कोऱ्या पानावर फक्त एक ठिपका.
पेन्सिल टेकवली असणार, आणि उचलली.

मग मार्चमध्ये, उजेड परत आल्यावर,
कुत्र्याचं पुस्तक कुठल्याशा तिसऱ्याच गावाहून आलं.
त्या बारीक अक्षराखाली जाड्या निळ्या खडूत,
एक अक्षर उलटं:
"थांबलो. मी सात.
पुढचं कुणी सांगू नका."

जूनमध्ये मोजदाद असते. वाड्सोच्या कचेरीत फॉर्म भरतात.
हरवलेली: अकरा.
खराब झालेली, लिहिलेली, रंगवलेली:
मी शून्य लिहिलं.
डावीकडचा दिवा बदलायला झालाय, तेही लिहिलं,
आणि पेन्सिली हव्यात. एक डबा.